आडव्या स्कॅन बॉडी: नवा स्कॅनर घेण्याआधी हा संच बघा

चार किंवा सहा इम्प्लांटवरचा फुल आर्च ब्रिज, म्हणजे अख्ख्या जबड्याचे दात एकत्र, लॅबमधून येतो, डावीकडचा शेवटचा स्क्रू घट्ट केला की उजवीकडे ब्रिज एमयुएवरून (मल्टि-युनिट अबटमेंट, इम्प्लांट आणि ब्रिज यांच्यामधला जोडभाग) उचललेला दिसतो. मग सगळा दोष स्कॅनरवर जातो, आणि अशा दोन-चार केस झाल्या की नव्या, महागड्या स्कॅनरची चौकशी सुरू होते. आमचं म्हणणं सरळ आहे: जरा थांबा. गेल्या काही वर्षांतला कोणताही नावाजलेला इंट्राओरल (तोंडात फिरवायचा) स्कॅनर तुमच्याकडे असेल, तर चूक बहुधा कॅमेऱ्यात नाही. ती दोन इम्प्लांटच्या मधल्या गुळगुळीत हिरडीत आहे, आणि स्कॅन बॉडीखालच्या स्क्रूत आहे. स्कॅन बॉडी म्हणजे इम्प्लांटची जागा स्कॅनमध्ये कळावी म्हणून त्यावर तात्पुरती लावायची दांडी. आडव्या स्कॅन बॉडीचा संच पहिल्या चुकीवर उपाय आहे, तोही स्कॅनरच्या किमतीच्या लहानशा अंशात. दुसरीवर कोणताच संच चालत नाही. ते काम हाताचं आणि आरव्हीजीचं, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेचं.

हे परीक्षण एका कंपनीच्या डब्याचं नाही, या जातीच्या संचाचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऑस्टिऑनचा नेक्सस आयओएस हा त्यातला परिचित संच. त्याच कल्पनेवर इतरही अनेक जण संच काढतात. मुंबईत दादर-गिरगावच्या छोट्या क्लिनिकमध्ये, एका चेअरवर, बोरिवलीहून चेंबूरला स्कॅनरची बॅग घेऊन फिरणाऱ्या कन्सल्टंटच्या हातात तो कसा चालतो आणि कुठे अडतो, एवढंच इथे बघायचं आहे.

चूक येते कुठून

इंट्राओरल स्कॅनर पूर्ण जबडा एकदम कधीच बघत नाही. टिपच्या आरशासमोर येणारा एक छोटा तुकडा तो टिपतो, पुढचा तुकडा त्याला जोडतो, त्याला पुढचा. लांब व्हरांडा सहा इंची पट्टीने मोजत जावा तसं. दर वेळी पट्टी केसभर सरकली, तर पहिल्या चार हातांत काही कळत नाही, टोकाला पोचल्यावर मात्र फरक उघडा पडतो. स्कॅनरांपैकी ट्रायोस आणि बहुतेक आयटेरो कॉन्फोकल पद्धतीने (एका वेळी एकाच खोलीवर फोकस धरून) बघतात, मेडिट पट्ट्यांचा प्रकाश टाकून त्रिकोणमितीने मोजतो. पद्धत वेगळी, पण तुकडे जोडण्याचं हे गणित सगळ्यांना सारखंच आहे.

दातांवर सॉफ्टवेअरला पकड मिळते. कस्प (दाताचा उंचवटा), खाच, कड, भरलेली चांदी, काहीही चालतं. दात नसलेल्या हिरडीवर ती मिळत नाही. हिरडी गुलाबी, ओली, गुळगुळीत आणि वर हलणारी. त्यातून चार उभ्या स्कॅन बॉडी एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या दांड्या असल्या, तर सॉफ्टवेअर कधीकधी एकीला दुसरी समजून बसतं. पडद्यावर अचानक एक स्कॅन बॉडी दुसरीच्या अंगात घुसलेली दिसते ना, ते हेच.

एक, दोन, फार तर तीन इम्प्लांट, तेही शेजारी दात असताना, असतील तर हा सगळा प्रश्न येत नाही. तिथे साधी उभी स्कॅन बॉडी उत्तम चालते. या संचावर पैसे घालू नका.

फुल आर्चमध्ये किती फरक चालतो, याला दोन आकडे नेहमी सांगितले जातात. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रॉनेमार्क यांनी १९८३ मध्ये १० मायक्रॉन म्हटलं होतं, टॉर्स्टन येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉन. दोन्ही अनुभवातून आलेल्या मर्यादा आहेत, निसर्गनियम नव्हेत. पण दोन्हींमध्ये केवढं अंतर आहे बघा, आणि लक्षात ठेवा की १५० मायक्रॉन म्हणजे ढोबळपणे दोन केसांची जाडी. ते डोळ्याने दिसतं, प्रोबच्या टोकाला लागतं. त्याच्या आतलं दिसत नाही, पण स्क्रूला ते जाणवतं. सहा महिन्यांनी ढिला होणारा स्क्रू, वर्षाने तुटणारा स्क्रू, झिर्कोनिया या सिरॅमिकच्या ब्रिजमध्ये कनेक्टरपाशी (दोन दातांच्या जोडापाशी) उठणारी चीर, यांची सुरुवात बऱ्याचदा तिथे असते.

डब्यात काय असतं

प्रत्येक तुकड्याचे दोन भाग: एमयुएवर बसणारा टायटॅनियमचा पाया, आणि त्यातून उभी न जाता आडवी बाहेर आलेली दांडी. दांड्या दोन-तीन लांबीच्या असतात. एकीचं टोक शेजारणीच्या टोकाजवळ येईल अशी त्यांची मांडणी करायची, म्हणजे डाव्या शेवटच्या इम्प्लांटपासून उजव्या शेवटच्यापर्यंत स्कॅनरला चालायला जवळजवळ अखंड कडक रस्ता मिळतो. हिरडीवरून उडी मारावी लागत नाही. सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

चांगला संच ओळखायच्या खुणा सांगतो. पृष्ठभाग चकचकीत नको, मंद असावा. चकाकी प्रकाश परत फेकते आणि त्या जागी भोक किंवा फुगवटा येतो. दांडीवर सपाट पैलू, खाचा, उंचवटे असावेत, आणि प्रत्येक दांडीची ठेवण वेगळी असावी, नाहीतर वरचा तोच घोटाळा पुन्हा होतो. पाया धातूचाच हवा. पीक या प्लास्टिकच्या पायाचा संच स्वस्त मिळतो, पण पीक मऊ असतं. वारंवार ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुकीकरण) आणि जरा जास्त टॉर्क, की बैठक दबते आणि दांडी काही मायक्रॉन खाली जाते. स्कॅन सुरेख येतो, उंची चुकीची येते. ही चूक पडद्यावर दिसतच नाही, म्हणून ती सर्वांत वाईट.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लायब्ररी. दांडीचा जो आकार स्कॅनमध्ये येतो, त्यावर एक्झोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमधलं तिचं डिजिटल रूप बसवून इम्प्लांटची जागा काढली जाते. डिजिटल रूप आणि हातातला तुकडा यांत जेवढा फरक, तेवढी चूक थेट ब्रिजमध्ये. काही उत्पादक प्रत्येक तुकडा वेगळा मोजून त्याच्या क्रमांकाची लायब्ररी देतात. बरेच जण एकच नकाशा सगळ्यांना देतात आणि यंत्राच्या कापणीवर भरवसा ठेवतात. पहिल्या प्रकारचा संच महाग पडतो, पण शक्य असेल तर तोच घ्या. दुसऱ्या प्रकारात निदान लायब्ररीची आवृत्ती आणि तुकड्यावर कोरलेली आवृत्ती जुळते का, ते लॅबच्या डिझायनरकडून पहिल्याच केसला तपासून घ्या. एमयुए एका कंपनीचा, दांडी त्याची नक्कल करणाऱ्या दुसऱ्याची आणि लायब्ररी तिसऱ्याची, असा मेळ जमवू नका. बैठकीच्या शंकूचा कोन थोडासा वेगळा असला तरी तुकडा बसल्यासारखा वाटतो आणि बसलेला नसतो.

चेअरवर वापरताना

एमयुए आधी पूर्ण टॉर्कला घ्या. आकडा कंपनीकडे बघूनच: नोबेल बायोकेअरचे सरळ एमयुए ३५ न्यूटन सेंटिमीटर आणि कललेले १५, स्ट्राउमनचे तसेच भाग सरळ असोत वा कललेले, ३५. दिवसात तीन क्लिनिकमध्ये तीन सिस्टिम हाताळणाऱ्या कन्सल्टंटने हा तक्ता बॅगेच्या झाकणात चिकटवून ठेवावा. एमयुए अर्धवट टॉर्कवर असताना स्कॅन केला आणि ब्रिज बसवताना तो पूर्ण टॉर्कला नेला, तर तो थोडा खाली बसतो आणि स्कॅन तिथेच खोटा ठरतो.

क्रम असा ठेवा. आधी समोरचा जबडा. मग पेशंट आज जो तात्पुरता ब्रिज किंवा कवळी वापरतो आहे, ती तोंडात असताना स्कॅन आणि बाइट. मग ती काढून, हीलिंग कॅप (एमयुएवरचं तात्पुरतं झाकण) असतानाच हिरडीचा स्कॅन. आडव्या दांड्या सर्वांत शेवटी. कारण दांड्या लावल्यावर त्यांच्याखालची हिरडी झाकली जाते. ती आधीच टिपलेली असली की डिझायनरला अंदाजाने काम करावं लागत नाही. हे सगळे स्कॅन एकमेकांवर बसवायला काहीतरी समान खूण लागते: टाळूच्या सुरकुत्या, उरलेला एखादा दात, किंवा हिरडीवर कम्पोझिटचे दोन-तीन ठिपके. खालच्या जबड्यात सुरकुत्या नसतात, तिथे ठिपके विसरू नका.

आता दांड्या. एमयुएचा माथा हवेने आणि गॉझने कोरडा करा. रक्ताचा थर किंवा हिरडीची कड मध्ये अडकली तर तुकडा तिरका बसतो. दांडी ठेवून आधी बोटाने हलकेच दाबा, स्क्रू उलटा अर्धा आटा फिरवा, आटा जागेवर पडल्याचा टक जाणवला की मग सुलटा घट्ट करा. घट्ट करताना दांडीचं टोक बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर स्क्रूबरोबर ती फिरते आणि टोक हिरडीत घुसतं. टॉर्क ५ ते १० न्यूटन सेंटिमीटर पुरतो. उत्पादकाने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. रॅचेट लावून १५ च्या वर जाण्याचं काही कारण नाही.

दोन शेजारच्या दांड्या जवळ हव्यात, पण एकमेकींना टेकता कामा नयेत. मध्ये एक-दोन मिलिमीटर फट ठेवा. टेकल्या तर एकीचा दाब दुसरीला लागतो. बारीक स्क्रूवरची लांब दांडी म्हणजे तरफ, टोकाला थोडंसं ढकललं तरी पायथ्याशी बैठक उघडते. फट आहे का ते डोळ्याने बघू नका, मधून फ्लॉस ओढून बघा.

मग प्रत्येक एमयुएचा आरव्हीजी, सेन्सर इम्प्लांटला समांतर आणि किरण त्याला काटकोनात. किरण तिरका गेला तर उघडी फटही मिटलेली दिसते. इम्प्लांटचे आटे सुटे-सुटे, धारदार दिसले तर किरण बरोबर आहे. आटे एकमेकांवर चढलेले दिसले तर तो आरव्हीजी पुरावा म्हणून धरू नका, पुन्हा घ्या.

प्रकाशाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. चेअर लाइट बंद. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा. खोलीतले साधे दिवे चालू ठेवा. कोरडं ठेवण्यासाठी गाल-ओठांचा रिट्रॅक्टर आणि सक्शन, आणि गॉझ बदलत राहायला एक सहायक. पावडर स्प्रे मारू नका. त्याचा थर कुठे जाड, कुठे पातळ पडतो आणि मापात मिसळतो.

स्कॅनचा मार्ग एकच ठरवा आणि दर वेळी तोच घ्या. शेवटच्या इम्प्लांटच्या पायापासून सुरुवात, दांड्यांच्या वरच्या बाजूने टिप न उचलता दुसऱ्या टोकापर्यंत. मग जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूने परत. मग गालाच्या बाजूने. समोरच्या वळणावर वेग अर्धा करा, बहुतेक जोड तिथेच सुटतात. टिप उचलली, मागोवा तुटला, तर शेवटच्या हिरडीच्या तुकड्यावर परत येऊ नका, दांडीच्या एखाद्या खाचेवर या. जीभ, ओठ, हातमोजा स्कॅनमध्ये आला की लगेच पुसा, नंतर पुसू म्हणून ठेवू नका. पुढचे तुकडे त्यालाच धरून जोडले जातात. आणि भोकं भरण्यासाठी पुन्हा पुन्हा तेच फिरत बसू नका. जास्त तुकडे म्हणजे जास्त जोड. हिरडीत एखादं भोक राहिलं तरी बिघडत नाही; दांडीच्या खाचेत किंवा कडेवर राहिलं तर मात्र तो स्कॅन टाकून नवा घ्या.

जवळून बघायची एक गोष्ट: स्कॅन झाल्यावर दांडीचं टोक पडद्यावर मोठं करा आणि कडेकडे नीट पाहा. कड एक असावी. दोन रेषा, जणू एकाच कडेला सावली लागली आहे, अशा दिसल्या तर मधेच दांडी हलली आहे किंवा जोड सरकला आहे. सॉफ्टवेअरचं गुळगुळीतीकरण चालू असेल तर ही दुहेरी कड मिटून एक जाड, गोलसर कड उरते, म्हणून प्रक्रिया होण्याआधी कच्च्या रूपातच बघा. दुहेरी कड दिसली की दांड्या काढा, सगळं परत लावा. तेवढाच भाग पुसून भरला तर चूक राहतेच, फक्त दिसेनाशी होते.

संच खरा की खोटा, हे कसं ठरवाल

विक्रेते रंगीत नकाशा दाखवतात: दोन स्कॅन एकमेकांवर, सगळं हिरवं. यावर विश्वास ठेवू नका. पूर्ण जबडा पूर्ण जबड्यावर बेस्ट-फिटने बसवला की सॉफ्टवेअर चूक सगळीकडे थोडीथोडी वाटून टाकतं आणि कुठेच लाल दिसत नाही.

याऐवजी असं करा. त्याच पेशंटचे, त्याच बैठकीत, दांड्या न काढता तीन स्कॅन घ्या, दोन डावीकडून सुरू केलेले आणि एक उजवीकडून. तिन्ही फाइल क्लाउडकम्पेअरमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन स्कॅन जुळवताना फक्त डावीकडच्या शेवटच्या दांडीचा भाग निवडा आणि त्यावरच बसवा. आता उजवीकडच्या शेवटच्या दांडीपाशी किती अंतर उरलं ते मोजा. तीच तुमची खरी चूक, तुमच्या हातांची, तुमच्या स्कॅनरची, तुमच्या क्लिनिकच्या प्रकाशाची. उभ्या स्कॅन बॉडीवर हीच चाचणी करून बघा आणि मग आडव्यांवर. फरक तुमच्यासमोर येईल, विक्रेत्याच्या पत्रकात शोधायला नको.

एक सावधानता: ही चाचणी स्कॅन एकमेकांशी किती जुळतात ते सांगते, सत्याशी किती जुळतात ते नाही. आयएसओ ५७२५ या मानकात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंट्राओरल स्कॅनरची अचूकता तपासण्याच्या पद्धतींसाठी आयएसओ २०८९६-१ हे २०१९ चं मानक आहे. तिन्ही स्कॅन सारखेच चुकू शकतात, विशेषतः लायब्ररी चुकीची असेल तर. म्हणून जिग (ब्रिज बनवण्याआधी तोंडात बसवून माप तपासायचा नमुना) सुटत नाही, त्याबद्दल पुढे.

जिथे संच अडतो

पहिली अडचण तोंड उघडण्याची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण सुपारी-तंबाखूने तोंड आखडलेले पेशंट मुंबईतल्या क्लिनिकना रोज भेटतात. दोन बोटंही मावत नसतील तर मागच्या इम्प्लांटवर उभी स्कॅन बॉडी आणि तिच्यावर स्कॅनरची टिप एकावर एक मावतच नाही. इथे आडवी दांडी बुटकी असल्याने उंची वाचते, हे तिचं मोठं बळ आहे. पण तीच दांडी आत वळवून बसवताना जीभ आणि गाल मधे येतात, आणि ड्रायव्हर मागे सरळ घालायला जागा लागतेच. आखूड ड्रायव्हर हाताशी ठेवा. त्याला फ्लॉस बांधलेला असू द्या, ओठाबाहेर लोंबता, म्हणजे निसटला तरी गिळला जाणार नाही. लांब दांडीऐवजी मागे आखूड दांडी आणि पुढे लांब, अशी अदलाबदल बहुतेक वेळा जमते.

दुसरी अडचण खालच्या जबड्याची. तोंड पूर्ण उघडलं की खालचा जबडा किंचित आत वळतो, मागची दोन टोकं जवळ येतात. हे स्नायूंमुळे होतं, कोणताही स्कॅनर ते सुधारू शकत नाही. पेशंटला आ वासायला सांगून स्कॅन घेतला तर तो वळलेल्या जबड्याचा स्कॅन होतो. जमेल तेवढं तोंड कमी उघडून, टिप आडवी सरकवत घ्या, आणि पेशंटला मधे विश्रांती देऊन पुन्हा मोठं तोंड उघडायला लावू नका. अर्धा स्कॅन एका आकाराचा आणि अर्धा दुसऱ्या आकाराचा होतो.

तिसरी, इम्प्लांट फार जवळजवळ किंवा फार कललेले असतील तर दांड्या एकमेकींवर चढतात. सहापेक्षा जास्त इम्प्लांट असलेल्या जबड्यात एखादा इम्प्लांट सोडून दुसऱ्या फेरीत घ्यावा लागतो, आणि तिथे संचाचा अर्धा फायदा जातो.

शस्त्रक्रियेच्याच दिवशी, टाके ताजे असताना हा संच वापरता येतो, पण रक्त सतत पुसावं लागतं, आणि दांडीखाली टाका दबला तर बैठक बसत नाही. त्या दिवशी शक्य असेल तर फोटोग्रामेट्री बरी.

फोटोग्रामेट्रीशी तुलना

फोटोग्रामेट्रीत कॅमेरा सहसा तोंडाबाहेर असतो आणि इम्प्लांटवर ठिपक्यांचे झेंडे बसवतात. ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपक्यांचं एकमेकांपासूनचं अंतर आधीच पक्कं असतं, तसं कॅमेरा झेंड्यांची एकमेकांशी असलेली जागा थेट मोजतो. तुकडे जोडायचे नसतात. अचूकतेत तो आडव्या दांड्यांच्या पुढे आहे, हे मान्य करायला हवं. पिक आणि आयकॅम-फोर-डी ही त्यातली ओळखीची यंत्रं. पण हिरडी त्याला दिसत नाही, म्हणून इंट्राओरल स्कॅन तरीही घ्यावा लागतो आणि दोन्ही जोडावे लागतात, आणि यंत्राची किंमत एकट्या छोट्या क्लिनिकला सहसा झेपत नाही.

महिन्याला एक-दोन फुल आर्च होत असतील तर आडवा संच घ्या. आठवड्याला होत असतील, किंवा तुमच्या लॅबकडे कॅमेरा घेऊन येणारी सेवा असेल, तर फोटोग्रामेट्रीचा खर्च निघतो. मध्ये अडकलेल्यांनी दोन्ही ठेवावं: रोजच्यासाठी दांड्या, ताज्या जखमेच्या दिवसासाठी सेवा.

जिग टाळू नका

संच कितीही चांगला असो, टायटॅनियम किंवा झिर्कोनिया कापण्याआधी जिग हवा. लॅबकडून स्कॅनवरून छापलेला रेझिनचा बार मागवून तो बसला म्हणजे झालं, असं समजतात, तसं नाही. पातळ रेझिन लवचिक असतं, स्क्रू घट्ट करताना ते वाकून जागेवर बसतं आणि सगळं छान दाखवतं. तो बार प्रत्येक दोन इम्प्लांटमध्ये पातळ डिस्कने कापून मागवा, तोंडात तुकडे वेगवेगळे घट्ट करा आणि फटी कमी आकसणाऱ्या पॅटर्न रेझिनने थोड्या-थोड्या थराने जोडा. फट जितकी अरुंद तितकं आकसणं कमी. किंवा इम्प्रेशन प्लास्टरचा जिग: तो वाकतच नाही, चूक असली तर कडकन तुटतो आणि कुठे ते दाखवतो.

ट्रायलला एकाच टोकाचा स्क्रू घट्ट करा आणि दुसऱ्या टोकाची बैठक बघा, प्रोबने आणि आरव्हीजीने. नंतर एकेक स्क्रू हाताने लावताना लक्ष द्या: पहिला अडथळा लागल्यापासून पूर्ण बसेपर्यंत अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला तर ब्रिज ओढून बसतोय.

ब्रिज टाय-बेसवर (एमयुएवर स्क्रू होणाऱ्या टायटॅनियमच्या बुडावर) सिमेंट होणार असेल तर थोडी चूक सिमेंटच्या फटीत सामावते, विशेषतः टाय-बेस तोंडातच चिकटवले तर. टाय-बेसशिवाय थेट एमयुएवर बसणाऱ्या झिर्कोनियात ती मुभा नाही. त्यात भर म्हणजे झिर्कोनिया सिंटर होताना, म्हणजे भट्टीत भाजून कडक होताना, सुमारे पाचवा भाग आकसतो. भट्टीत लांब आर्च वाकला तर दोष स्कॅनचा नाही. जिग बरोबर बसला आणि ब्रिज बसला नाही, तर पुढचा प्रश्न लॅबच्या भट्टीकडे विचारा.

मुंबईत सांभाळताना

पावसाळ्यात एसीतली थंड बॅग दमट खोलीत उघडली की आरसा धुकतो. टिप बसवून स्कॅनर सुरू करा आणि आरसा तापू द्या, मगच तोंडात न्या. बॅग क्लिनिक बदलते, तापमान बदलतं, प्रवासात धक्के बसतात, म्हणून दर नव्या ठिकाणी फुल आर्चच्या आधी कॅलिब्रेशन करा. सॉफ्टवेअर आठवण करून देईपर्यंत थांबू नका. ऑटोक्लेव्ह १३४ अंशांचा असतो, टिप किती वेळा चालते ते कंपनी सांगते, तो आकडा डब्यावर मार्करने मोजत ठेवा. दांड्या इतर अवजारांबरोबर एकाच पाकिटात टाकू नका. ओरखडे म्हणजे चकाकी. घासून चकाकलेली दांडी सँडब्लास्ट करून पुन्हा मंद करण्याचा उद्योगही नको, त्याने मापच बदलतं. अशी दांडी बाद करा.

घेताना काय विचारायचं

विक्रेत्याला इतकंच विचारा: तुमच्या एमयुएच्या नेमक्या मॉडेलसाठी लायब्ररी आहे का, ती तुमची लॅब वापरते त्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत उघडते का, एखादी दांडी बाद झाली तर सुटी मिळते का की पूर्ण संच घ्यावा लागतो, आणि स्क्रू सुटे मिळतात का. चारपैकी एकाचंही उत्तर "बघून सांगतो" असेल तर संच घरी आणू नका. घेताना नेमक्या गरजेपेक्षा एक लांब आणि एक आखूड दांडी जास्त घ्या, आणि स्क्रू दुप्पट. पहिला बाद होणारा भाग नेहमी स्क्रूच असतो, आणि तो शनिवारी संध्याकाळी पेशंट चेअरवर असतानाच गोल होतो.